सातव्या होलवरचे पाच फटके

माझ्या भाचीला एका व्यावसायिक गोल्फ स्पर्धेतून बाद करवण्याचा मी मनापासून प्रयत्न केला. तिनं माझं ऐकलं नाही, म्हणून तो फसला.

भाची म्हणजे सायली. माझ्या थोरल्या बहिणीची, शुभाताईची मुलगी. कर्जतमधल्या आमच्या घराण्यात डॉक्टर झाले, वकील झाले, एक जण तहसीलदारसुद्धा झाला. पण चेंडू मारणं हा कुणाचा व्यवसाय नव्हता. सायलीनं तो केला. मी गणिताचा निवृत्त मास्तर. त्यामुळे खालापूरजवळच्या मैदानावर तिची स्पर्धा भरली आणि फटके मोजायला स्वयंसेवक हवेत असं कळलं, तेव्हा हे पद केवळ माझ्यासाठीच निर्माण झालंय याबद्दल मला शंका उरली नाही.

आमच्यासाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. खेळाडूंबरोबर चालायचं, प्रत्येक होल संपला, म्हणजे चेंडू खड्ड्यात पडला, की हातातल्या मशीनवर फटक्यांचा आकडा टाकायचा. असे अठरा होल, आणि ज्याचे एकूण फटके कमी तो जिंकला. तो लगेच फलकावर आणि लोकांच्या मोबाइलवर दिसतो. "बेरीज मशीन आपोआप करतं हं काका," असं शिकवणारी मुलगी म्हणाली आणि तिथंच मी कान मिटले. उभा जन्म ज्यानं मुलांना बेरजा शिकवल्या, त्याला ही सांगणार! (पुढे तिनं दंडाबद्दल काहीतरी सांगितलं म्हणे. मी त्या वेळी चहाच्या रांगेत होतो.)

शेवटच्या दिवशी मला नेमकी शेवटची जोडी मिळाली: सायली आणि बेंगळुरूची रम्या. दोघी सगळ्यांच्या पुढे. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "सायली माझी भाची लागते."

"चालेल हो काका," संयोजक म्हणाले, "तुमच्या आकड्यांवर निकाल लागतच नाही."

मग लागतो कशावर? तर कार्डावर. आणि ते लिहायचं कुणी? प्रतिस्पर्ध्यानं! सायलीचे फटके रम्या लिहिणार, रम्याचे सायली. शेवटी प्रत्येकीनं आपलं कार्ड तपासायचं आणि दोघींनी सह्या करायच्या. म्हणजे सुनेच्या आमटीला सासूनं गुण द्यायचे आणि सासूच्या आमटीला सुनेनं. आमच्या घरात ही पद्धत एक दिवस टिकली नसती.

सहा होल सुखरूप पार पडले. सातव्यावर सायलीचा चेंडू तळ्यात गेला. तिनं वाकून दुसरा चेंडू टाकला आणि पुन्हा मारला. तोही तळ्यात! मग तिसरा चेंडू, एक फटका थेट खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर आणि आणखी दोन फटक्यांत चेंडू खड्ड्यात. मी बोटांवर मोजलं. पाच. (चेंडू हातानं खाली टाकण्याला फटका म्हणत नाहीत, एवढं गणित मला येतं!) मशीनमध्ये पाच टाकले.

तिकडे कर्जतला माझा आकडा उमटला. आमचे भाऊजी, म्हणजे सायलीचे वडील, सकाळपासून मोबाइलला डोळे लावून बसले होते. खेळ संपत आला तशी सायली रम्यापेक्षा एका फटक्यानं पुढे दिसायला लागली. स्पर्धा जिंकणाऱ्या मुलीला पुढच्या हंगामात पात्रता फेरी न खेळता थेट प्रवेश होता. सायलीनं त्यासाठी गेली काही वर्षं हाताची साल काढून घेतली होती. भाऊजींना राहवेना. त्यांनी पेढे उचलले, हार उचलला, शुभाताईला आणि माझ्या बायकोला, मंगलला, टेंपोत बसवलं आणि वाटेत लहूचं अख्खं बेंजो पथकसुद्धा टेंपोत भरलं!

अठराव्या होलवर सायलीचा शेवटचा चेंडू खड्ड्यात पडला आणि कुंपणापलीकडून बेंजो सुरू झाला. मैदानावरच्या सगळ्या पांढऱ्या टोप्या एकदम वळल्या. सायलीनं डोक्याला हात लावला. मला वाटलं, भरून आलं असेल.

दोघी कार्डं घेऊन तंबूत गेल्या. माझे आकडे ताडून बघण्यासाठी मलाही आत बोलावलं. पाटणकरबाई नावाच्या पंच एकेक होल वाचत होत्या.

"सातवा होल. सायली, सात."

"पाच!" मी म्हणालो.

"सर, तुमच्याकडे पाच आहेत?"

"पाचच! मी उघड्या डोळ्यांनी मोजलेत. सायले, सही करू नकोस! सात कुणी लिहिले? हिनंच ना?" मी रम्याकडे बोट दाखवलं. बिचारीला मराठी येत नव्हतं. पण बोट समजलं.

"मामा, गप्प बस ना रे," सायली दातांवर दात दाबत म्हणाली.

"का गप्प बसू? सख्ख्या भाचीवर अन्याय होतोय आणि..."

"सर," पाटणकरबाई शांतपणे म्हणाल्या, "दोन पेनल्टी धरल्यात का?"

"दंड? तिनं कुणाचं काय बिघडवलंय?"

"चेंडू पाण्यात गेला."

"गेला! तिनं काय मुद्दाम बुडवला?"

बाहेर बेंजोवाले नव्या चालीवर आले होते. बाईंनी मला पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, की चेंडू पाण्यात गेला की दर वेळी एक फटका वाढतो. दोनदा गेला, दोन वाढले. पाच अधिक दोन. (ही बेरीज मी स्वतः केली.)

"आणि तुमचं ऐकून हिनं पाचावर सही करून कार्ड दिलं असतं, तर ही स्पर्धेतूनच बाद झाली असती."

"आणि चुकून नऊ लिहून सही केली असती तर?"

"तर नऊच धरले असते."

म्हणजे स्वतःचं नुकसान करून घ्यायला पूर्ण मुभा आणि फायदा झाला की हकालपट्टी! हा खेळ साहेबानं काढला की आमच्या आजोबांनी, असा मला प्रश्न पडला.

"सातच आहेत, मॅडम," सायली म्हणाली. पेन हातात घेऊन ती क्षणभर थांबली. त्या सहीबरोबर थेट प्रवेश जाणार होता, हे तिला अठराव्या होलवरच कळलं होतं. तिनं सही केली. रम्या एका फटक्यानं जिंकली. दोघींनी एकमेकींना मिठी मारली. मला कुणी मारली नाही. मीही आग्रह धरला नाही.

बाहेर भाऊजी संयोजकांना पेढे भरवत होते. मी खरा आकडा सांगितला. पेढा एका संयोजकाच्या ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"म्हणजे हरली?" शुभाताईनं विचारलं. "अरे, मोबाइलवर तर जिंकली होती!"

"तो आकडा यांचा," मंगल म्हणाली. "नेरळच्या लग्नात पानं मोजायला यांनाच बसवलं होतं. वरमाय उपाशी राहिली!"

लहू पुढे आला. "मास्तर, आता कुनासाठी वाजवायचं? आमी काय असंच परत जायाचं नाय हां."

"रम्यासाठी वाजवा," मागून सायली म्हणाली. डोळे लाल होते. पण हसत होती. तिनं हार घेतला आणि रम्याच्या गळ्यात घातला. बेंजो सुरू झाला. रम्यानं विजेतेपदाचा झळाळता चषक डोक्यावर धरून असा काही ठेका धरला, की शुभाताईसुद्धा पदर खोचून उतरली. पाटणकरबाईंचा पायही हलत होता, मी पाहिलं. (पण माझ्या पाहण्याला आता पुरावा म्हणून काही किंमत उरलेली नव्हती.)

सायली नंतर पात्रता फेरी खेळली आणि तीत उत्तीर्णही झाली. मला त्या फेरीची तारीखसुद्धा कुणी कळवली नाही.

यंदा मात्र पाटणकरबाईंचा स्वतःहून फोन आला. "सर, तुमच्यासाठी खास काम राखून ठेवलंय." खेळाडू फटका मारायला उभा राहिला की 'शांतता राखा' असं लिहिलेली पाटी दोन्ही हातांनी वर धरायची. मोजायचं नाही. बोलायचं नाही. ते काम मी चार दिवस बिनचूक केलं, असं सगळे म्हणतात. शेवटच्या दिवशी मंगलनं संयोजकांना विचारलं, "ही पाटी घरी न्यायला मिळेल का हो?"

त्यांनी दोन दिल्या. एक हॉलमध्ये आहे, एक स्वयंपाकघरात.