आरामखुर्चीचा दांडा

आमच्या आरामखुर्चीचा वरचा दांडा तडकला तेव्हा मी आधी खुर्चीला आणि मग त्या दांड्याला मनसोक्त शिव्या घातल्या. दुसरं कोण होतं घरात शिव्या खायला? आमच्या ह्यांना आता काही बोललं तरी नुसते हसतात. त्यांचं विसरणं सुरू झालंय. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ते, मग मराठी. हो, मराठीसुद्धा! आता फक्त तेलुगू बोलतात, त्यांच्या आईच्या घरातलं. मी कुर्डुवाडीची, रेल्वेवाल्याची लेक. लग्न करून या विणकरांच्या घरात आले तेव्हा मला त्यातला शब्द कळत नव्हता. पुढे शिकले, पण मोडकंतोडकंच.

तरी दिवसातून एकदा ते मला ओळखायचे, आणि तेही त्या खुर्चीतच. दुपारी कापडाच्या झोळात पाठ टेकली की माझ्याकडे बघून म्हणायचे, "इटु रावे." इकडे ये गं. त्यातला तो 'वे' म्हणजे आपला 'गं'. बायकोलाच म्हणावा असा. त्या एका 'गं'साठी मी सकाळपासून वाट बघायचे, खोटं कशाला सांगू.

दांडा मोडला आणि खुर्ची पडली कोपऱ्यात. हे दिवसभर घरात येरझाऱ्या घालायला लागले. माझ्याकडे बघायचे ते भिंतीकडे बघावं तसं. सुतार म्हणाला, "असला गोल दांडा आता कोण करतंय बाई? लोखंडी पाइप घालतो की!" म्हटलं, नको रे बाबा. तो दांडा सासऱ्यांच्या हातमागाचा. माग मोडला तेव्हा ह्यांनी तो जपून ठेवला आणि खुर्चीला बसवला. पाइप घातला आणि हे खुर्चीत बसलेच नाहीत तर? मग मला कोण हाक मारणार?

शेवटी मीच बसले पदर खोचून. वीतभर उभी चीर गेली होती, एक लांब ढलपी सुटून वर आली होती. सुईने आतली घाण काढली, लाकडाचा पांढरा गम भरला, ढलपी दाबली. वरून सुतळी बांधायला गेले तर दांडा मांडीवरून गडगडतोय, सुतळी घसरतेय, हात नुसते चिकट. "मेल्या, थांब की जरा!" मी दांड्यावर खेकसले.

तेवढ्यात हे येऊन समोर मांडी घालून बसले. दांड्यावरून तळवा फिरवला. माझी सुतळी उचलून बाजूला फेकली. शिवणाच्या डब्यातलं सुती रीळ काढलं, दोरा गममध्ये बुडवून चिमटीतून ओढला, सुताला खळ लावतात तसा. दांड्याचं दुसरं टोक धरून तो फिरवायची मला खूण केली. मी फिरवत गेले, ते गुंडाळत गेले. वेढ्याला वेढा खेटून, मध्ये केसाएवढी फट नाही. दोरा मध्येच तुटला, तर दोन बोटांत असा सांधला की गाठ दिसेना. अगंबाई, मला काय आनंद झाला! वाटलं, आले. माझे हे परत आले.

आणि ते म्हणाले, "मीरु बागा पट्टुकुन्नारम्मा." छान धरलंय, अम्मा.

मी मनाची समजूत घातली. आई समजले असतील. असू दे, आई तर आई. आपलं माणूसच ना?

त्यांची थोरली बहीण जवळच राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. ती दारातून आत आली तसे हे खुलले, "रा अक्का!" तिला बरोब्बर ओळखलं. मी तिला ओट्यापाशी नेऊन कौतुकानं सांगितलं, "अक्का, मला अम्मा म्हणाले! आई वाटले मी त्यांना."

तिनं विचारलं, "नुव्वु म्हणाला की मीरु?"

"मीरु."

अक्का खाली बघायला लागली. "आईला कोण मीरु म्हणतंय गं?"

आईला 'नुव्वु', म्हणजे तू. 'मीरु' म्हणजे तुम्ही. परक्या बाईशी अदबीनं बोलायचं तर मीरु आणि अम्मा. मला काय ठाऊक नव्हतं? भाजीवालीशी हे कायम तसंच बोलायचे. पण मला ऐकूनच घ्यायचं नव्हतं. दांडा हातात आला आणि हे वडिलांच्या मागावर जाऊन बसले. त्या घरात अक्का होती. मी अजून आलेच नव्हते. आणि तिकडे त्यांना धाडलं मीच, दांड्याचं टोक धरून.

शेवटचा वेढा घालून त्यांनी दांडा भिंतीला उभा केला आणि अक्काला तेलुगूत सांगितलं. एरवी मला अर्धंच कळतं. त्या दिवशी मेलं अक्षरन् अक्षर कळलं. "या अम्मांनी लई मदत केली. त्यांना चहा दे आणि अंधार पडायच्या आत घरी जाऊ दे. लेकरं वाट बघत असतील."

अक्कानं डोळे पुसत चहा केला. माझ्याच ओट्यावर, माझ्याच भांड्यात. मी पाहुणीसारखी पाटावर बसून तो प्याले. निघताना ह्यांनी हात जोडले. मीही जोडले. दुसरं काय करणार होते? चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून तोंडात पदर कोंबून रडले.

आतून त्यांचा आवाज येत होता. "कुणाच्या घरच्या त्या?" ते अक्काला विचारत होते.