पपईची गाडी आणि नानाभाऊंचा हरभरा

गेल्या मंगळवारी सकाळी चहा टाकला आणि नाल्याकडून पोकलेनचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर आमच्या शेताकडे येणाऱ्या रस्त्यावरची मोरी अर्धी खोदलेली... आणि अलीकडे पाटी, 'रस्ता बंद'.

आमचं गाव सारंगखेड्याच्या अलीकडे. इथून मोठ्या वीजवाहिनीचं काम चाललंय, तिच्या टॉवरचं लोखंड घेऊन लांबलचक ट्रेलर येतात. जुन्या मोरीला ते वजन पेलणार नाही, म्हणून नवीन पाईप टाकायचे होते. हे आम्हाला माहीत होतं, पण काम पुढच्या आठवड्यात म्हणून सांगितलेलं.

आणि नेमकी त्याच दिवशी आमची पपईची तोड. मजूर उजाडतानाच बागेत शिरलेले, निम्मा माल खाली उतरलेला. दिल्लीकडची गाडी डांबरी रस्त्यावर येऊन थांबली, पण ती बागेपर्यंत येणार कशी?

ज्यांच्याकडे पपई आहे त्यांना सांगायला नको. तोडलेली पपई कोणासाठी थांबत नाही. गाडी संध्याकाळच्या आत भरली नाही तर व्यापारी दुसऱ्याच्या बागेत जाणार, आणि माझा माल झाडाखाली पिवळा होत बसणार.

आमचे मिस्टर नंदुरबारला डेपोत नोकरीला आहेत. शेती मी बघते, गेली कित्येक वर्षं. त्यामुळे फोन करून 'आता काय करू' विचारण्याची सवय मला नाही.

आधी साईटवरच्या सुपरवायझरकडे गेले. बिहारकडचा तरुण मुलगा, बोलायला नम्र. "मॅडम, दो-तीन दिन तो लगेगा," म्हणाला. खोदलेलं परत भरता येत नाही, हे मलाही दिसत होतं.

मग एकच वाट उरली, ट्रॉलीत माल भरून नाल्यातून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचा. शेजारचं वावर माझ्या जेठांचं, म्हणजे मिस्टरांच्या थोरल्या भावाचं, नानाभाऊंचं. त्यांच्या वावरातून नाल्यात उतरायला एक उथळ जागा आहे, पूर्वी बैलगाड्या तिथूनच जायच्या... पण वाटणीनंतर बांधावरून दोघा भावांचं बिनसलं. नानाभाऊंनी बांधाला तारेचं कुंपण घातलं आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. शिवाय आमच्याकडे धाकटी सून जेठांशी समोरासमोर बोलत नाही. मी तर लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी एक वाक्य बोलले नव्हते.

गेले. डोक्यावर पदर घेतला, पण आवाज खाली ठेवला नाही.

नानाभाऊ ओट्यावर बसले होते. म्हटलं, "नानाभाऊ, पपई तोडेल शे, आनि मोरी खंदेल शे. तुमना वावरमाईन ट्रॅक्टर लई जाऊ का?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याले तोंड नही का?"

'त्याले' म्हणजे आमच्या मिस्टरांना. मी म्हटलं, "ते ड्यूटीवर शेतस. आनि पपई मन्ही शे." माझी पपई, म्हणून विचारायला मीच.

मला वाटलं, झालं, आता परत फिरायचं... तेवढ्यात ते उठले, खुंटीवरची पक्कड घेतली आणि वावराकडे चालू लागले. मी मागे मागे.

स्वतः ताणून बांधलेल्या तारा त्यांनी स्वतःच्या हाताने तोडल्या. पलीकडे हरभरा उभा, घाटे भरलेला. आमचा ट्रॅक्टरवालाही आत घालायला कचरला. नानाभाऊ त्याला एवढंच म्हणाले, "एकच चाकोरी धर. जातानी-येतानी तीच." आणि पहिल्या खेपेला ते ट्रॉलीच्या पुढे पुढे चालले, स्वतःचा हरभरा तुडवत.

नाल्यात चिखल होता, भरलेली ट्रॉली नक्की रुतली असती. मी पुन्हा सुपरवायझरकडे गेले. त्यांच्या कामासाठी आणलेला मुरूम पडला होता, म्हटलं यातला थोडा उतारावर टाका. साहेबांना विचारावं लागेल म्हणाला. मी म्हटलं, "पूछो. मैं यहीं खड़ी हूँ." त्याने विचारलं, आणि पोकलेन वळला.

दिवस मावळायच्या आत गाडी भरून निघाली.

मिस्टर घरी आले ते वाकडं तोंड करूनच. वाटेत कोणीतरी सांगितलं होतं. "त्याच्या दारात जायला कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच गेले. हरभऱ्यात चाकाच्या दोन रेघा पडल्यात, त्या आधी बघून या, मग बोला.

ते बघायला गेले. परत आले, जेवले आणि झोपले. सकाळी मात्र नवीन तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघाले. मी चहाचं निमित्त करून बांधावर गेले, खोटं कशाला सांगू...

नानाभाऊ तिथेच होते. मिस्टर कुंपणाच्या खांबाला तार गुंडाळायला लागले, तेव्हा नानाभाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अजून तोड बाकी व्हई तुम्हनी."

इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य. मिस्टर "हा" म्हणाले. बस्स. दोघांनी चहा घेतला, पाण्याच्या पाळीबद्दल काहीतरी बोलले आणि आपापल्या कामाला लागले. मिठी नाही, रडारड नाही.

परवा मोरी झाली. पहिल्यापेक्षा रुंद आणि चांगली झाली आहे, तेवढं श्रेय काम करणाऱ्यांना द्यायलाच हवं. आता गाडी थेट बागेपर्यंत येते. कुंपणाची तार मात्र अजून कोणी जोडलेली नाही, आणि तो विषयही कोणी काढत नाही.

नानाभाऊ फेसबुकवर नाहीत, पण त्यांची सून आहे. ती हे वाचून दाखवेल याची मला खात्री आहे. समोर जाऊन आभार मानले तर ते ओट्यावरून उठून आत जातील... म्हणून इथे मानते.