पाचपासून मोजणाऱ्या एरोबिकबाई

एरोबिकबाईंची मोजणी पाचपासून सुरू व्हायची. “फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!” आणि पुन्हा फाइव्ह. पहिल्याच दिवशी आमच्या शेजारच्या गिरजाकाकूंनी विचारलं, “बाई, एक-दोन-तीन-चार कुठी गेले वो?” बाई गंभीरपणे म्हणाल्या, “ते घरूनच करून यायचे.” दुसऱ्या दिवशी गिरजाकाकू फाटकातूनच ओरडल्या, “मी करून आली बरं!”

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. बाईंचा नवरा गावातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फोरमन होता, म्हणून त्या नागपूरहून आमच्याकडे आल्या. माहेरी असताना एका डॉक्टरीणबाईंच्या घरी व्हिडिओ कॅसेट बघून त्या हा नाचाचा व्यायाम शिकल्या होत्या. त्या कॅसेटची मधली टेप मशीनने चावलेली होती. त्यामुळे बाईंना सुरुवात यायची आणि शेवट यायचा. “मधलं माझं आहे,” असं त्या अभिमानाने सांगत. त्या मधल्या भागात वरातीतला नाच होता, शाळेतलं लेझीम होतं आणि विहिरीतून पाणी ओढणंही होतं. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांच्या भाचीने फोनवर शहरातला असलाच वर्ग दाखवला. रंगीत दिवे, रंगीत बूट, समोर मोठे आरसे. बाईंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “मधलं ह्या लोकायलेही सापडलं नाही.”

ती कपाशीची वाईट वर्षं होती. जिनिंगची शेड बरेचदा रिकामी असायची, तिथेच सकाळी बाईंनी वर्ग सुरू केला. आधी कुणी येईना. “दिवसभर निंदतो, वेचतो, आमाले कायले पाह्यजे व्यायाम?” असं बाया म्हणत. बाई म्हणाल्या, “म्हणूनच पाह्यजे. वावरात खाली, इथं फक्त वर.” त्यांच्या वर्गात वाकायला सक्त मनाई होती. कुणाची केसातली आकडी खाली पडली तर ती वर्ग सुटेपर्यंत तिथेच राही. साडीखाली नवऱ्याचा पायजमा घालून आम्ही आकाशाकडे हात फेकायचो. मी नवी सून. मान वर करून तासभर उभं राहण्याची गावातली माझी तेवढीच एक जागा होती.

एकदा बाईंचा टेपरेकॉर्डर बिघडला. पेरणीच्या आधीचे दिवस होते आणि बियाण्याच्या एका कंपनीची जीप भोंगा लावून गावात फिरत होती. बाईंनी ती जिनिंगच्या फाटकापाशी थांबवली. भोंग्यावर बियाण्याची जाहिरात वाजत राहिली आणि आम्ही तिच्यावर नाचलो. कंपनीचा माणूस इतका खूश झाला की त्याने आमचा फोटो काढला. आठवड्याभरात गावच्या कृषी केंद्रावर, म्हणजे बी-खताच्या दुकानावर, पोस्टर लागलं. वर टपोरी बोंडं, खाली हात उंचावून हसणाऱ्या आम्ही. गिरजाकाकूंनी एक पोस्टर मागून आणलं आणि चुलीवरच्या भिंतीला चिकटवलं.

त्या साली बोंडं धरली ती किडकीच. फोडलं की आत अळी. एका सकाळी गिरजाकाकूंचे यजमान साधूभाऊ आणि आणखी काही शेतकरी थेट वर्गात आले. साधूभाऊंच्या हातात काळं पडलेलं बोंड होतं. “बाई, तुमी सगळ्या हासून राह्यल्या होत्या त्या फोटोत. म्हून म्या हे बियाणं घेतलं. आता सांगा, हे असं काहून झालं?”

“मी तं खांद्याचा व्यायाम घेऊन राह्यली होती, भाऊ.”

स्वतःची बायको त्याच पोस्टरवर आहे, हे साधूभाऊंच्या ध्यानातच नव्हतं, आणि गिरजाकाकू खांबाआड गेल्या होत्या. बाईंनी ते बोंड हातात घेतलं, नखाने फोडून आतली अळी बघितली. मग विचारलं, “दुकानवाला काय म्हणते?”

“तो तं शटरच खाली ओढते आमाले पाहून.”

“मंग उद्यापासून वर्ग त्याच्या दारात,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कृषी केंद्रासमोर नाचू लागलो. मंडपवाल्याचा भोंगा आणला होता आणि त्यावर कंपनीच्या माणसाने तेव्हा खुशीत दिलेली त्याच बियाण्याच्या जाहिरातीची कॅसेट. गिऱ्हाइकाला आत जायला वाट उरेना. दुकानदाराने पोलीस बोलावला. शिपाई सायकल लावून आला, वही काढली.

“हा मोर्चा हाय का?”

“नाही साहेब, वॉर्मअप आहे.”

“मागण्या काय तुमच्या?”

“गुडघे आणखी वर आले पाह्यजेत.”

शिपायाने तेही वहीत लिहिलं. तो ओट्यावर बसून बघत राहिला. हळूहळू आजूबाजूच्या गावचे लोक किडकी बोंडं घेऊन तिथे जमू लागले आणि एवढी गर्दी झाल्यावर शेती खात्याचे साहेब जीप घेऊन आले. वावरावावरांतून पंचनामे झाले. कपाशी काही परत आली नाही. पण ते बियाणं दुकानातून उचललं गेलं आणि दुकानदाराने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने पोस्टर फाडलं. आमचा फोटो फाटताना बाई म्हणाल्या, “हळू, बायांहो, टाळ्या खांद्याच्या वर.”

पुढे जिनिंग कायमची बंद पडली. बाईंच्या नवऱ्याला लोहारा गावच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि ती दोघं गेली. आमचा वर्ग काही दिवस चालला, मग मोडला.

मागच्या वर्षी बाई वारल्याचा निरोप आला. आम्ही उरलेल्या साऱ्या जणी एसटीने लोहाऱ्याला गेलो. खोली लहान, माणसं फार. भंतेजींनी बुद्धवंदना घेतली आणि थोडा वेळ सर्वांना शांत उभं राहायला सांगितलं. माझ्या शेजारी गिरजाकाकूंची टाच उचलली गेली. मग दुसरी. मी त्यांना खुणावणार, तोच लक्षात आलं की माझेही पाय सुरू झाले आहेत. चपला बाहेर होत्या, त्यामुळे आवाज नव्हता; नुसत्या साड्या हलत होत्या. भंतेजींचे डोळे मिटलेले होते. बाईंच्या नवऱ्याने मात्र आमच्याकडे पाहिलं. मग ते खाली बसले, बाईंच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या एकेक करून मागे सरकवल्या आणि आम्हाला जागा करून दिली.