शिकलगार सरांची दोन बोटं

सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी कोरेगावातल्या माझ्या दुकानात ठिबकच्या नळीचं वेटोळं सोडवत बसलो होतो. दहावीच्या ग्रुपवर सरांचा फोटो पडला... खांद्यावर शाल, हातात नारळ. चष्मा गल्ल्यावर होता. खालची ओळ न वाचताच मी 'अभिनंदन सर! असेच पुढे जात राहा' असं टाकलं आणि परत नळीला लागलो. दोन मिनिटांत वर्गातल्या जयाचा फोन. "आरं गाढवा, सर गेलं. सकाळी गेलं. पुसून टाक ते आधी!" पुसायला गेलो तर बोट चुकीच्या जागी लागलं आणि त्याच्याखाली टाळ्यांचं चित्र जाऊन बसलं. वर्गातला सगळ्यात मोठा मूर्ख कोण, हा निकाल तसा दहावीतच लागला होता. त्या दिवशी त्यावर शिक्का बसला एवढंच.

शटर ओढून पलूसकडे गाडी सोडली. गावी पोचलो तेव्हा सरांना कबरीत उतरवत होते. तीन मुठी माती मीही टाकली. पण खरं सांगू? पांढऱ्या कापडाखाली उजवा हात कुठल्या बाजूला असेल, एवढंच मी शोधत होतो. त्या हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. पोलिसांच्या कागदावर ती सरांच्या थोरल्या भावाच्या धार लावायच्या चाकावर गेली. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की तसं झालं नाही. पण जे गावालाही ठाऊक नाही, इतकी वर्षं फक्त मला ठाऊक होतं, ते सांगायला हा लेख लिहितोय.

शिकलगारांचं घर पिढीजात धार लावणारं. थोरले हमीदभाई दर बाजारी चाक घेऊन बसायचे आणि आसपासच्या दहा गावांचे कोयते, विळे, कुऱ्हाडी त्यांच्या हाताखालून जायच्या. धाकट्याला त्यांनी शिकवलं, बी.एड. केलं, आणि तो आमच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झाला. बारीक अंगाचे, तलम आवाजाचे सर. आमच्या शाळेत गणिताचे गुरुजी पाण्याच्या पायपानं मारायचे, पी.टी.चे बुटानं. शिकलगार सरांनी कधी कुणाला चापटसुद्धा मारली नाही. त्यामुळं त्यांना आम्ही काडीचंही घाबरत नव्हतो, हे ओघानं आलंच.

बुधवारी शेवटचे दोन तास ते अभ्यासक्रमाबाहेरचं एक नाटक वाचायचे. चारशे वर्षांपूर्वीच्या एका थोर इंग्रज नाटककाराची शोकांतिका. नाटकाचं नाव सांगायचे नाहीत. "नाव सांगितलं की तुम्ही पलूसला जाऊन गाईड आणणार." गोष्ट आम्हाला एकदम घरची वाटली. एक शूर सरदार, त्याला गादीची हाव, बायको टोचणारी, आणि राजा त्यांच्याच घरी पाहुणा म्हणून झोपायला आलेला. सरदार झोपलेल्या राजाला सुऱ्यानं भोसकतो. सर ते वाचताना मध्येच थांबायचे आणि शिकलगाराच्या पोराला साजेल असं सांगायचे, की सुरा कोयत्यासारखा नसतो, कोयता वरून पडतो, सुरा आत जातो, आणि बाहेर काढताना जास्त फाडतो. मुली कान झाकायच्या. आम्ही म्हणायचो, सर, परत सांगा.

इंग्रजी मात्र डोक्यावरून जायचं. मग सरांनी युक्ती काढली. म्हणाले, "इंग्रजी येत नसेल, पंचनामा तर येतो ना? घरटी एक केस आहे तुमच्या." पुढच्या बुधवारी राजाच्या खुनाचा पंचनामा करायचा. दोन टेबलं जोडून त्यावर मयत, चौघं पंच, एक फौजदार, साक्षीदार रांगेत, आणि प्रत्येकानं आपला जबाब मोडक्यातोडक्या इंग्रजीत द्यायचा. खुनी सरदार झाला जया. मयत राजासाठी मी हात वर केला, कारण मयताला इंग्रजी बोलावं लागत नाही.

इथं जयाचं आणि माझं सांगितलं पाहिजे. तो वरच्या आळीचा, मी खालच्या. आडनाव एक, खापरपणजोबा एक, विहीर एक, म्हणूनच वैर. दर उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटायची. जयाच्या चुलत्याचा अर्धा कान आमच्या बांधावर पडला होता आणि आमच्या तात्यांच्या टाळूवर अकरा टाके होते. तात्या म्हणजे माझे चुलते. वडील फौजेत, त्यामुळं मला वाढवलं तात्यांनीच. शाळेत मी आणि जया एका बाकावर बसायचो, पण ते घरी कळलं असतं तर दोघांचीही चामडी सोलली असती.

आता माझी अक्कल पाहा. मयत व्हायचं तर रक्त पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. लाल शाई शोभत नव्हती. मंगळवारी शेजारच्या घरी देवाचं बोकड पडलं, तिथं जाऊन मी म्हणालो, आईनं रक्ताची भाजी, रक्ती, करायला मागितलंय. रक्त गोठू नये म्हणून त्यात मीठ टाकून ढवळत राहायचं, हेही तिथंच विचारून घेतलं. आयुष्यात मी मन लावून केलेला शास्त्राचा प्रयोग तो एवढाच. बुधवारी जेवणाच्या डब्यातून ते शाळेत आणलं आणि सर खडू आणायला ऑफिसात गेले तेवढ्यात गळ्यापासून बेंबीपर्यंत ओतून घेतलं. उरलेलं जयाच्या हातातल्या स्टीलच्या फूटपट्टीला फासलं. वर चादर ओढून पडलो.

सर आले, पंच पुढं झाले, चादर उचलली... आणि वर्ग किंचाळला. टेबलावरून रक्त फरशीवर ठिबकत होतं. माझ्या मिटल्या डोळ्यांना न दिसलेलं बरंचसं पोरांनी नंतर सांगितलं. जया फूटपट्टी धरून लाकडासारखा उभा राहिला. नेमकी त्याच वेळी खिडकीशेजारच्या पायवाटेनं आमच्या भावकीतली एक काकू वैरणीचा भारा घेऊन चालली होती. तिनं आत पाहिलं. भारा तिथंच टाकला आणि बोंब ठोकत ती रानाकडं पळाली, "तात्याऽऽ, आवं धावा, वरच्या आळीच्या जयानं दिगूला कापला!"

सरांनी बोटानं रक्त पुसून नाकाला लावलं. मला ऐकू आलं, "बोकडाचं आहे. दिगंबर, ऊठ." मी उठलो नाही. मला वाटलं, एवढी मेहनत केलीय, थोडा वेळ तरी मरू द्या. मग बाहेरून तात्यांचा आवाज आला. शाळेमागंच आमचं रान. तात्या बाभळ तोडत होते ते कुऱ्हाडीसकट पळत आले होते. "दिगंबर, ऊठ," सर पुन्हा म्हणाले. उठलो तर तात्या मला फोडणार. रक्ताचं खोटं, डब्याचं खोटं, जयाबरोबरचं नाटक... मी डोळे आणखी घट्ट मिटले. मेलेल्याला कोण मारतंय?

दार भिंतीवर आपटलं. तात्या ओरडले नाहीत, त्यांच्या घशातून नुसता जनावरासारखा आवाज आला. बाकं उलटली, मुली भिंतीला चिकटून रडत होत्या. जया कोपऱ्यात गेला असणार, कारण त्याची फूटपट्टी फरशीवर पडल्याचं मी ऐकलं. आणि त्यावर सरांचा तो तलम आवाज, जराही न चढलेला. "तात्या, ही धार परवा माझ्या भावानं लावलीय. ती काय करते ते मला ठाऊक आहे. पोरगं जिवंत आहे. दिगंबर, ऊठ!" ही तिसरी हाक. "सरक मास्तर," तात्या म्हणाले. सर सरकले नाहीत. कुऱ्हाड जयाच्या डोक्यासाठी निघाली होती. सरांनी हात आडवा घातला.

आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या लाकडावर घाव बसतो तसा. मग मी उठून बसलो.

मेलेला पुतण्या उठून बसलेला पाहून तात्यांच्या हातातनं कुऱ्हाड गळाली. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग खाली फरशीवर. बोकडाचं रक्त काळपट होतं, सरांचं लाल. दोन बोटं खडूच्या तुकड्यांशेजारी पडली होती. तात्यांनी ती डोक्याच्या टॉवेलात गुंडाळली, सरांना पाठीवर घेतलं आणि रस्त्यावरची पहिली जीप अडवून सांगली गाठली. बोटं काही बसली नाहीत. दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला, तेव्हा तात्या स्वतःहून हात पुढं करून उभे होते. सर म्हणाले, "भावाच्या चाकावर कुऱ्हाडीला धार लावत होतो. हात सटकला." शिकलगाराची बोटं चाकावर गेली तर कोण संशय घेणार? हवालदारानं लिहून घेतलं. सरांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला.

आठवड्यानं मी भेटायला गेलो. सरांनी एकच विचारलं, "मी तीनदा हाक मारली. ऐकू आली नाही?"

"भोवळ आली होती सर. रक्त बघून."

सरांनी पट्टी बांधलेला हात चादरीखाली घेतला. "बरं," म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही. तात्यांनाही मी हेच सांगितलं होतं. गावानं तोंड शिवलं, कारण ते उघडलं असतं तर तात्या तुरुंगात आणि दोन्ही आळ्या पुन्हा बांधावर.

सर दोन महिन्यांत डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकले आणि उरलेलं नाटक त्यांनी पुरं केलं. त्यात पुढं अजून पुष्कळ मारामारी आहे. लेकरंसुद्धा कापली जातात, शेवटी त्या सरदाराचं मुंडकं आणतात. मागची बाकं आता 'परत सांगा' म्हणत नव्हती. त्या एका वर्षाच्या जोरावर जया पुढं इंग्रजीचा प्राध्यापक झाला. मी नळ्या विकतो, आणि इंग्रजीत फक्त कंपनीला तक्रारी लिहितो.

किंमत मोजली ती हमीदभाईंनी. जबाबातली गोष्ट बाजारात पसरली. ज्याच्या चाकावर सख्ख्या भावाची बोटं जातात, त्याच्याकडं कोयता कोण देईल? परगावची गिऱ्हाइकं तुटली. घराण्याचं नाव गेलं, लोक तोंडावर हसायचे. त्यांना खरं ठाऊक होतं, तरी त्यांनी बाजारात ब्र काढला नाही. आणि तात्या? त्या दिवसानंतर त्यांनी कुणावर हात उचलला नाही. रस्त्यात सर दिसले की ते उसात शिरायचे. सर लांबूनच "तात्या, रामराम" म्हणायचे आणि उसातून उत्तर यायचं नाही. सत्तावीस वर्षं त्या माणसाला वाटत राहिलं, की पोरगं बेशुद्ध होतं, मास्तर सांगत होता, आणि आपण राक्षसासारखा घाव घातला. तो घाव अडवू शकणारा आणखी एक जण त्या खोलीत होता, पूर्ण शुद्धीत, डोळे मिटून... हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

दफनाला महिना झाल्यावर मी गावी गेलो आणि सांगितलं. तात्या आता ऐंशीला टेकलेत. सगळं ऐकलं आणि माझ्या बायकोसमोर, टक्कल पडलेल्या मला, अशी कानफटात दिली की चष्मा गोठ्यात जाऊन पडला. मी म्हटलं, सत्तावीस वर्षांपूर्वी हीच खाल्ली असती तर... तात्यांनी माझी कॉलर धरली. "जागा हुतास? समदा वेळ जागा हुतास?" मग म्हणाले, "आज बाजार हाय न्हवं? गाडी काढ."

हमीदभाई अजून बसतात. गिऱ्हाईक म्हणजे चार बाया, विळे घेऊन उभ्या. तात्या भर बाजारात त्यांच्यापुढं जाऊन मोठ्यांदा म्हणाले, "ऐका रं समद्यांनी! ह्या चाकाचा काय बी दोष न्हाई. मास्तरची बोटं मी तोडली, माझ्या हातानं!"

हमीदभाईंनी पायानं चाक थांबवलं. "हळू बोला तात्या. गिऱ्हाईक हाय."

"हळू कशापाय? लय वरसं तुमी..."

"मास्तरनं जबाब दिलाय. अंगठा हाय त्याचा खाली. मेलेल्या माणसाला बाजारात खोटं पाडताय व्हय?" मी मध्ये तोंड घातलं, म्हटलं, हमीदभाई, खरं तर चूक माझी, मी तेव्हा... त्यांनी मलाही पुरं बोलू दिलं नाही. तात्या आणि मी त्यांच्यापुढं असे उभे, त्यातच त्यांना काय ते कळलं असावं. "तुझा जबाब कुणी घेतलाच न्हाई, व्हय ना? मग तू दे की. तुला कुणी आडीवलंय?"

म्हणून हा दिला. गावाचं नाव गाळलंय. तात्यांचं गाळणार होतो, तर म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे."

त्या दिवशी मी घरी चला म्हटलं, तर तात्या उठेनात. चाकाशेजारच्या पोत्यावर बसून राहिले. हमीदभाईंनी चाक सुरू केलं, ठिणग्या उडायला लागल्या. एक विळा झाला की ते न बघताच बाजूला धरायचे. तात्या तो घ्यायचे, वळवायचे, पातं आपल्याकडं आणि मूठ बाईकडं करून पुढं द्यायचे... बाजार उठेपर्यंत.