भाव पडला त्या दिवशीची हाक

आमच्या मालकांचं नाव म्या घेत न्हाई. लग्न होऊन पासलीत आले, नणंदांनी उंबऱ्यात अडवलं, तवा एकदाच घेतलं. "पासलीच्या शिवारात साळीला आलाय भार, कुंडलिकरावांचं नाव घेते, सोडा आता दार." त्याला एकतीस वर्सं झाली. त्यानंतर जवळ असले तर "अवो", लांब असले तर "अवो, ऐकलं का", आन् बँकेत साहेबानं विचारलं तर पिशवीतनं त्यांचं आधारकार्ड काढून पुढं ठेवायचं. सून हसती. हसू द्या तिला. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं माझी आई म्हणायची, आन् खरं-खोटं बगायला म्या काय जाणार न्हाई.

माणूस कसा म्हणाल तर सोन्यासारखा. उगाच कशाला खोटं बोलू? सकाळी उठले की आदी आमच्या बैलांच्या, गुलब्या आन् हरण्याच्या, पाठीवर हात फिरवणार, मग तोंड धुणार, मग च्या. चिखलणीला समद्या गावात मशीन आलं, आमच्यात अजून बैलंच. दारूला शिवले न्हाईत, माझ्यावर कवा हात उचलला न्हाई. दोन बाळंतपणं झाली तवा न्हाणीत पाणी तापवून दिलं, आन् ते बी चार बायकांदेखत. बाया म्हणत्यात, सगुणे, नशीब काढलंस. व्हय, काढलं. पण बोलायचे कमी. आन् कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनात कोण राहतं ते बायकोलाबी बाहेरनंच कळतं.

मला सासूकडनं कळलं. लग्नाला वरीस झालं न्हवतं. खळ्यावर भात झोडत होतो आन् फुलाबाई, म्हणजे माझी सासू, मोठं कौतुक सांगावं तशी सांगाय लागली. मालक अकरावी-बारावीला भोरला मावशीकडं राहायचे. वर्गात छाया नावाची पोरगी होती, बौद्धाची. दोघांचं जुळलं. मामंजींना कळलं तशी त्यांनी पहिली एस्टी धरली आन् परीक्षा तोंडावर असताना लेकाला दंडाला धरून घरी आणला. तिकडं तिच्या घरच्यांनीबी पोरीला साताऱ्याला मामाकडं धाडलं, मराठ्याच्या पोरापायी तिचा जीव जायचा म्हणून. "सहा वर्सं ह्यो लग्नाला न्हाईच म्हणत होता," सासू म्हणाली, "मग तुला बगितली आन् व्हय म्हणाला." तिला वाटलं म्या खूश व्हईन. म्या त्या दिवशी भात इतका झोडला की पेंढ्याचा भुगा झाला.

पुढं ती छाया लग्न होऊन परत भोरातच राहाय आली. एस्टी स्टँडाजवळ तिचं शिवणाचं दुकान. मालकांना महिन्याला भोरला जावं लागायचं. म्या दर खेपेला संगट जायचे, तवा बगायचे, ते दुकान जवळ आलं की हे रस्ता ओलांडून पलीकडनं चालायचे. नजर खाली. दुकानात जाऊन दोन शब्द बोलले असते तर म्या भांडले असते आन् मोकळी झाले असते. पण इतकी वर्सं रस्ता ओलांडणाऱ्या माणसाशी भांडायचं काय म्हणून?

गेल्या साली सुगी उरकली आन् नसरापूरचा पप्पू गाडी घिवून दारात आला. ह्यो पप्पू पिक्चरवाल्यांना माणसं, बैलं, म्हशी काय लागंल ते पुरवतो. भोरच्या बाहेर माळावर शूटिंग होतं. जुन्या मुंबईची अख्खी पेठ उभी केली होती, फळ्यांची. त्यांना बैलजोडी हवी होती, गर्दीत न बुजणारी, आन् गाडीवान बी खराखुरा. मालकांनी माझ्याकडं बगितलं. म्या इचारलं, "कुठं? भोरला?" पप्पू म्हणाला, "व्हय मावशी, आन् गर्दीत उभं राहायला बायाबी लागत्यात." म्या म्हणलं, मग माझंबी नाव लिव्ह. मालकांना एकटं भोरला सोडायला म्या काय खुळी न्हाई.

टेम्पोत बैलं घालून आमी गेलो. पप्पूनं समद्यांना बसवून पिक्चरची गोष्ट सांगितली. दीडशे वर्सांमागची मुंबई. सातासमुद्रापार कसली तरी लढाई लागलेली, म्हणून हितल्या कापसाला सोन्याचा भाव. जो तो सट्टा खेळतोय. कापूस कुणी डोळ्यांनी बगितलेला न्हाई, नुसत्या कागदावर घेत्यात, कागदावर विकत्यात. एका शेठची विधवा लेक आन् त्याच्याच पेढीवरचा कारकून, दोघांचं प्रेम. कारकुनाची जात शेठला चालणारी न्हाई. पळून जायला पैसा हवा म्हणून तो कारकून असंल-नसंल ते समदं सट्ट्यात लावतो. आन् एका दिवशी लढाई थांबल्याची खबर येती, भाव धाडकन पडतो, लोक बुडत्यात आन् शेठची पेढी फोडाय धावत्यात. त्या गोंधळात ती दोघं कापसाच्या गाडीत लपून पळून जात्यात.

"आन् ती गाडी हाकणार आपले मालक," पप्पू म्हणाला. समदे हसले. मालकबी हसले, जरासं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःला पळून जाता आलं न्हाई, आन् आता दुसऱ्यांना पळवायला निघाले.

मग आमाला मापं द्यायला तंबूत धाडलं. जुन्या तऱ्हेच्या चोळ्या शिवायच्या होत्या. आत गेले तर टेप घिवून छायाच उभी. पिक्चरवाल्यांनी शिवणाचं काम तिलाच दिलं होतं.

म्या तिला इतक्या जवळनं कवा बगितलं न्हवतं. वाटलं होतं, असंल कुणी देखणी. जाड भिंगाचा चष्मा, केस निम्मे पांढरे, बोटांना सुईची घट्टं. "हात वर करा," ती म्हणाली. तिनं माझ्या छातीभोवती टेप फिरवली आन् आकडा लिवला. "पासलीच्या ना तुम्ही?" म्या म्हणलं, "व्हय." "थंडी असेल ना तिकडं आता?" म्या म्हणलं, "असती." बास. ह्यांच्याबद्दल एक शब्द इचारला न्हाई. चोळी दुसऱ्या दिवशी मिळाली, अशी बसली की जन्मात तशी बसली न्हवती. मला त्याचाबी राग आला. वाईट शिवली असती तर चार ठिकाणी सांगता आलं असतं.

दोन दिवस म्या डायरेक्टरकडं बगितलं न्हाई, हिरोईनकडं बगितलं न्हाई. म्या ह्या दोघांवर डोळा ठेवून होते. ती सुया घिवून हिकडनं तिकडं फिरायची, हे बैलांपाशी. जेवायला पंगतीत लांब लांब बसायची. एकदाबी बोलली न्हाईत. एकदाबी एकमेकांकडं बगितलं न्हाई. मला वाटलं, बगत न्हाईत म्हणजे नक्की काहीतरी हाय. दुसऱ्या घडीला वाटायचं, काय बी न्हाई गं सगुणे, म्हातारी माणसं ती, तूच पिक्चरातल्या लोकांगत न बगितलेल्या कापसावर आयुष्य लावून बसलीस. पण जळणं काय सांगून थांबतं व्हय?

तिसऱ्या दिवशी भाव पडायचा सीन होता. दोनशे माणसं. समद्यांनी "भाव पडला, बुडालो" म्हणून बोंब ठोकायची आन् पेढीचा दरवाजा आत ढकलायचा. तो दरवाजा दोन पुरुष उंच, लोखंडी सांगाड्यावर फळ्या ठोकलेल्या. मालकांनी गाडी त्याच्या कडंला उभी करायची, हिरोईन आत कापसाच्या गासड्यांत लपलेली. आता आमची माणसं कशी, तालीम घेतली तवा लाजत लाजत ढकलली. डायरेक्टर वरडला, "जीव लावून करा." मग काय, जीव लावला. बापय गड्यांनी खांदं दिलं. निम्म्यांनी आत रेटला, निम्म्यांनी जोर आला म्हणून कडा धरून बाहेर वढला. धूर सोडलेला, कुणाला कुणाचं दिसंना. हरण्या बुजला म्हणून मालक त्याच्या म्होरकीला धरून उभे, दरवाज्याकडं पाठ. आन् त्यो सांगाडा ह्यांच्या अंगावर झुकाय लागला.

म्या बगितलं. म्या वरडले, "अवो! अवो!"

तिथं साठ बाया होत्या, समद्या आपापल्या मालकाला "अवो"च म्हणणाऱ्या. त्यात दोनशे लोकांची बोंब. ह्यांनी मान वळवली न्हाई. नाव माझ्या तोंडापर्यंत आलं. देवाशपथ सांगते, व्हटापर्यंत आलं. आन् तिथंच अडकलं. एकतीस वर्सं ज्या जिभेला आवरलं ती त्या घडीला हलंना.

तवा माझ्या उजव्या अंगानं हाक आली, "कुंडलिक!"

राव न्हाई, दादा न्हाई. नुसतं नाव. ह्यांनी झटक्यात वळून बगितलं, सांगाडा बगितला आन् उडी टाकली. डोकं वाचलं, छाती वाचली. नुसता डावा पाय खाली घावला. हिरोईन गासड्यांत धडधाकट होती, बैलं बी.

छाया माझ्या शेजारी उभी होती, हातात टाचण्यांची डबी. आन् माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगायची लाज वाटती. नवरा वाचला हे पहिलं न्हाई आलं. तिच्या जिभेवर ह्यांचं नाव तयारच होतं, हे आलं.

भोरात दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. शुद्धीवर होते, पण तोंड पांढरंफटक. म्या खाटेशेजारी बसले. जरा वेळानं म्हणले, "सगुणे, हाक कुणी मारली?"

म्या त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"धुरात कळलं न्हाई," ते म्हणले. "बाईचा आवाज होता. तू मारलीस व्हय?"

म्या म्हणलं, "व्हय."

म्या बोलले आन् दारात बगितलं तर ती उभी. सेटवर पडलेला ह्यांचा पटका आन् वहाणा घिवून आली होती. तिनं समदं ऐकलं होतं. ह्यांनी तिच्याकडं बगितलं. सदतीस-अडतीस वर्सांनी दोघांची नजर समोरासमोर झाली, ती माझ्या खोट्यावर.

"हो," छाया म्हणाली. "ह्यांनीच मारली. मी शेजारीच होते."

पटका खाटेवर ठेवला, वहाणा खाली ठेवल्या आन् गेली. म्या तिला "बसा" सुदीक म्हणाले न्हाई.

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणले, "उंबऱ्यानंतर आज घेतलंस." इतक्या वर्सांत ह्यांनी असा हात धरला न्हवता. म्या तो धरू दिला. मला हवाच होता, तसला का असंना.

मग घरी आलो आन् पाव्हण्यांची रीघ लागली. कमी बोलणारा ह्यो माणूस पडवीत पाय लांब करून येईल त्याला सांगायचा, हिनं जन्मात नाव घेतलं न्हवतं, पण जीवावर आलं तवा अशी हाक मारली की मुडदा उठला असता. बाया माझ्याकडं कौतुकानं बगायच्या. म्या च्या करायच्या निमतानं आत पळायचे आन् चुलीपुढं बसून छायाला शिव्या द्यायचे. खोटं म्या बोलले आन् शिव्या तिला. दारात तिनं खरं सांगितलं असतं तर माझी लाज गेली असती, पण निदान तिचा राग करायला म्या मोकळी राहिले असते. तेवढंबी तिनं ठिवलं न्हाई.

पंधरा दिवसांमागं सून रानात गेली होती, घरात आमी दोघंच. उन्हं पडवीत आली होती. हे म्हणले, "सगुणे, एकदा हाक मार की. तवासारखी."

म्या म्हणलं, "आता काय मेलं, म्हातारपणी."

"मार की. कोण हाय ऐकायला?"

म्या उठले. पदर सारखा केला. अंगणात जाऊन उभी राहिले, त्यांच्याकडं पाठ करून, कारण तोंडावर काढवंना. आन् म्हणलं, "कुंडलिक." माझं मलाच कसंसं झालं. दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याला हाक मारल्यागत.

म्या वळले. हे माझ्याकडं बगत होते. एकतीस वर्सं संसार केलाय, ह्यांना कवा काय कळलं ते मला कळतं. त्यांना कळलं, धुरातली हाक माझी न्हवती. लगेच मान खाली घातली आन् म्हणले, "बरं वाटलं. च्या टाक जरा."

त्या दिवसापासनं त्यांनी ती गोष्ट आपण होऊन सांगायची सोडली. काल पासलीचाच धनाजी आला, त्यानंच काढलं, "वहिनींनी हाक मारली म्हणून वाचलास म्हणं." हे म्हणले, "व्हय. हिनंच मारली." छायानं दारात म्हणलं होतं ना, तेच शब्द, तसंच हळू. म्या आत उभी होते, कपबशा हातात.

म्हणजे तीबी माझी लाज झाकती आन् हेबी झाकत्यात. एकमेकांना न इचारता, न बोलता, दोघं एकच गोष्ट जपून बसल्यात. एकतीस वर्सं त्या दोघांच्यात काय बी न्हवतं आन् म्या जळत होते. आता हाय. आन् ते म्या माझ्या तोंडानं दिलंय.