काळी दोन, पांढरी चार

मी शिकवायचे ती शाळा शनिवारी सकाळची असायची. सुटली की मी आणि आमचे संगीताचे मास्तर थेट येडशी स्टेशनच्या रस्त्यावर, पेंटरच्या दुकानात. दुकान कसलं, पत्र्याचं शेड. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावं, किराणा दुकानाच्या पाट्या, निवडणूक आली की भिंती, असं त्याचं काम. टर्पेंटाइनच्या वासात चहा प्यायचा आणि तिघांनी वाद घालायचा, एवढ्यासाठी मी आठवडाभर शनिवारची वाट बघायचे. बाईमाणूस पेंटरच्या दुकानात काय करते, म्हणून गावात कुजबुज होई. माझे यजमान म्हणायचे, "चहा पिते, आणखी काय करते?" विषय तिथंच मिटायचा.

मास्तरांनी सोलापुरातल्या रद्दीतून एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पॅरिसमध्ये असलेल्या संगीतकारांवरचं. मास्तरांचं इंग्रजी बेताचं, माझंही काही फार मोठं नव्हतं. पण डिक्शनरी मांडीवर घेऊन मी वाचायचे आणि ते दोघं ऐकायचे. त्यात सहा तरुण संगीतकारांचा एक मित्रमेळा होता. तेही शनिवारीच जमायचे, एकत्र जेवायचे, सर्कस बघायला जायचे. सोबत चित्रकार आणि कवी असत. एकाची चाल, दुसऱ्याचे शब्द, तिसऱ्याचा पडदा. त्यांच्याच ओळखीतल्या एका वडीलधाऱ्या संगीतकाराच्या नाचात तर वाद्यांबरोबर चक्क टाइपरायटर वाजला होता. मास्तर ते ऐकून उठून उभेच राहिले. पेंटरनं मात्र एवढंच विचारलं, "तिथं चित्रं काढणारा खुर्चीवर बसायचा, का खाली?"

आम्ही हसलो. तो हसला नव्हता, हे मला नंतर कळलं.

पेंटरला सूर कळत नसे. मास्तरांना सुराशिवाय दुसरं काही कळत नसे. प्रार्थना चालू असताना हेडमास्तरांना थांबवून "खाली गेलात साहेब" म्हणणारा माणूस तो. मी त्यांच्यापुढं वर्षानुवर्षं गायले, पण "बरोबर" हा शब्द कधी कानावर आला नाही. फार तर मान हलवायचे. एका शनिवारी मी गुणगुणत होते आणि पेंटर रंगाच्या डब्यावर आपला ठेका धरून बसला होता. मास्तर कडाडले, "तुला सुरातलं काय कळतंय? तू आपला रंग बघ!"

पुढच्या शनिवारी शेडला कुलूप. त्याच्या पुढच्याही. पोरकं झाल्यासारखं वाटलं मला. शाळेच्या ओसरीत बसून आम्ही दोघांनी पुस्तक पुढं वाचायला घेतलं, तर नेमकं ते पान निघालं. त्या सहांनी मिळून एक नाच बसवायचं ठरवलं आणि आयत्या वेळी एकानं अंग काढून घेतलं. उरलेल्या पाचांनी तो केला. तरी लोक त्यांना सहाच म्हणत राहिले. मास्तरांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं आणि चपला घातल्या. मी मागं मागं.

माफी मागणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं. पेंटरच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "हे बघ, तिथला एक निघून गेला तरी लोक सहाच म्हणतेत. तू आला न्हाईस तरी आमी तिघंच हाव. तवा आलेलं बरं."

"चहा घ्या," पेंटर म्हणाला. शनिवार पुन्हा सुरू झाला. पण सुराची गोष्ट निघाली की तो ब्रश धुवायला उठायचा. आणखी एक शब्द वावगा गेला, तर हा कायमचा जाणार, हे मला दिसत होतं.

त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगसाठी आम्ही 'स्टेशन' नावाचं गाण्यांचं नाटुकलं बसवायला घेतलं. शब्द माझे, चाल मास्तरांची, पडदा पेंटरचा. शेंगावाल्याची आरोळी, स्टेशनची घंटा आणि गाडीच्या खडखडाटासाठी शाळेच्या ऑफिसातला टाइपरायटर. पॅरिसवाल्यांची उधारी आम्ही अशी उघड उघड घेतली. पडद्यावर काय काढायचं, ते तेवढं ठरत नव्हतं; पेंटर फलाटावर शेळीची करडं काढू म्हणायचा, मास्तर हो म्हणत नव्हते. गाणी कुठल्या पट्टीत घ्यायची, तेही नाही.

मास्तर पेटीचे सूर लावून आणायला लातूरला निघाले. आम्ही दोघं स्टँडवर सोडायला गेलो. एसटी हलली तसं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "काळी दोन! पांढरी चार!"

पेटीवाली माणसं सुराला पट्टीच्या रंगानं आणि नंबरानं ओळखतात. पोरांचं गाणं काळी दोनमध्ये, माझं पांढरी चारमध्ये. मी ओरडले, "बरं!" माझ्या शेजारी पेंटरही ओरडला, "बरं!" ते मी मनावर घेतलं नाही.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी त्यानं पडदा उलगडला. फलाट, कडुनिंब, लांब जाणारे रूळ. आणि फलाटावर ओळीनं बसलेली करडं. दोन काळी, चार पांढरी.

"आपल्याकडं शेळ्या काळ्या," पेंटर सांगत होता, "पांढरी करडं कुठनं आणायची? पर म्हणलं, मास्तरनं सांगितलंय. आन् मंग डोस्क्यात उजेड पडला की! दोन आन् चार, सहा. आपले त्ये पॅरिसवाले!" एवढं खुललेलं त्याचं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

स्टँडवरच्या त्याच्या 'बरं'चा अर्थ मला आत्ता लागला. मास्तरांनी पडदा पाहिला. मग पेंटरकडं पाहिलं. चुकीचा सूर लागल्यावर आवळायचा तसा त्यांचा जबडा आवळला. आता संपलं, असं मला वाटलं.

"बरोबर हाय," मास्तर म्हणाले.

पुढं निवृत्त झाल्यावर तो पडदा मास्तरांनी स्वतःकडं ठेवून घेतला. मागच्या हिवाळ्यात मास्तर गेले आणि त्यांच्या सुनेनं पडदा पेंटरकडं पाठवून दिला. पेंटरनं मला फोन केला. शेड तेच आहे. पाट्या आता मशीनवर छापून येतात, त्यामुळं काम नाही. घडीवर एका पांढऱ्या करडाचा रंग उडालेला, तेवढा तो भरत बसला होता. मी स्टुलावर बसले. तिसरं स्टूल रिकामं होतं, मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

"बाई," तो मान वर न करता म्हणाला, "काळी दोन पेटीवर आसती, व्हय?"

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच उन्हाळ्यात. उस्मानाबादला गाण्याच्या क्लासची पाटी लिवीत हुतो. आतनं मास्तरीण पोरींला म्हणती, काळी दोन धरा. शिडीवरनं पडतच हुतो."

"मग मास्तरांना कधी बोलला नाहीत?"

"त्यानं झाकलं, म्या कशापायी उघडं करू?" त्यानं ब्रश निथळला. "जल्मात एकदा बरोबर म्हणला त्यो. त्ये बी चुकीला. सोपं न्हाय त्येला."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तो बराच वेळ करडाचा कान रंगवत राहिला.

"तुमची पांढरी चार लावा की," मग म्हणाला.

पेटी नव्हती. गळाही राहिलेला नाही. तरी मी 'स्टेशन'मधली माझी ओळ धरली. पहिल्याच शब्दाला कळलं, की पार खाली गेलंय. मास्तर असते तर तिथंच हात वर केला असता. मी थांबले.

पेंटरनं करडावरचा ब्रश न उचलता म्हटलं, "बरोबर हाय."