तक्त्यातून निसटलेला वर्ग

भिंगबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. जाड चष्मा आणि पर्समध्ये कायम एक भिंग. डबा खाताना टेबलावर मुंगी दिसली तरी ही जेवण सोडून तिच्याकडे बघत बसणार. ती विज्ञान शिकवते, मी गणित. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी आणि घरं एकाच इमारतीत, ती वर, मी खाली. इतकं जवळ राहिलं की माणसाचे गुण कमी आणि खोडी जास्त दिसतात. तिची सगळ्यात मोठी खोड म्हणजे न्याय. फळा पुसायचा तरी पोरांची पाळी लावणार, आणि पाळी चुकली की स्वतः पुसणार. मी म्हणायची, "अगं बये, फळाच आहे तो, राज्य नाही वाटायचंय." ती हसायची आणि परत तेच करायची.

बहीण वारली आणि मेहुण्याने दुसरा संसार थाटला, तेव्हा हिने बहिणीची मुलगी उचलून घरी आणली. स्वतःचं लग्न वगैरे राहूनच गेलं. पोरगी गोड, पण प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. मला ती काकू म्हणते. आठवीनंतर दूरच्या शहरातल्या विज्ञानाच्या मोठ्या शाळेत जायचं, हे तिने चौथीतच ठरवलेलं. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं फुकट, फक्त प्रवेश परीक्षा पास व्हायची. आमच्या शाळेतल्या पोरांना वर जायला तेवढी एकच वाट. मावशीच्या पगारात दुसरी वाट निघणार नव्हती, हे पोरीलाही माहीत होतं.

आता त्या आराखड्याचं सांगते. आमच्याकडे सहावी, सातवी, आठवीच्या विज्ञानाची तोंडं तीन दिशांना. तीन वर्गांना तीन शिक्षक, आठवीला भिंगबाई, आणि कोणाचा कोणाला पत्ता नाही. पोरं तीन वर्षं ओल्या कापसावर बी रुजवत होती आणि उष्णता मात्र कोणीच धड शिकवत नव्हतं. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, भिंगबाईला सांगितलं की तिन्ही वर्गांचा मिळून एक आराखडा करा. झालं! बाईंनी सुट्टीभर घराची जमीन पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांनी भरून टाकली. एकेका चिठ्ठीवर एकेक घटक. मी वर गेले की, "पाय जपून ठेव, तू बलावर उभी आहेस." प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन एकच प्रश्न, आधी काय कळलं म्हणजे हे कळेल? आठवीत विजेपासून चुंबक बनवायचं असतं, आणि वीज म्हणजे काय हेही आठवीतच. दोन्ही एका वर्षात मावत नाहीत, दरवर्षी चुंबक अर्धवट राहतं. म्हणून तिने विजेचा घटक उचलून सातवीत टाकला. अगदी बरोबर केलं. आजही कोणी विचारलं तर मी बरोबरच म्हणेन.

आराखड्याचा तक्ता शिक्षकांच्या खोलीत लागला. तीन वर्गांचे तीन रकाने. कुठलाही रकाना वरून खाली वाचा, नाव ठेवायला जागा नाही. मी वाचला, बाकीच्यांनी वाचला, मोठ्या सरांनी पाठ थोपटली, आणि नव्या वर्षापासून तिन्ही वर्गांना तो एकदम लागू झाला. तिथेच माशी शिंकली. आम्ही सगळ्यांनी एकेक वर्ग वाचला, पण पोर काही एका रकान्यात बसून राहत नाही. ते जुन्या सातवीतून नव्या आठवीत जातं, तक्ता ओलांडून तिरकं. एका पोराचं बोट धरून तसं तिरकं कोणी चाललंच नाही. जुन्या सातवीत वीज नव्हती. नव्या आठवीत वीज झालेली आहे असं धरलेलं होतं. मध्ये एक अख्खा वर्ग निसटला, आणि त्याच वर्गात तिची भाची.

हे कळलं तेव्हा प्रवेश परीक्षेला तीन आठवडे उरले होते. मी शेजारच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते, भिंतीपलीकडून तिचा चढलेला आवाज आला. चुंबकाचा धडा काढून तिने सुरुवातीलाच विचारलं होतं की विजेचा परिपथ कोण काढून दाखवेल? कोणी हूं की चूं केलं नाही. "गेल्या वर्षीचं एवढ्यात विसरलात? लाज वाटते का?" असं ती चांगली खडसावत होती. मग भाची उभी राहिली. "बाई, गेल्या वर्षी आम्हाला नव्हतं ते. तेव्हा ते आठवीला होतं." मी दारात जाऊन पाहिलं तर ही हातात खडू धरून उभी, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. आणि मागच्या बाकावरून एका कार्ट्याने आनंदाने विचारलं, "बाई, मग हा धडा परीक्षेला नाही ना?"

मोठ्या सरांकडे ती तशीच गेली. सर म्हणाले, हळू बोला. पालकांना कळलं तर शाळेच्या दारात मोर्चा येईल. उजळणीचे तास ठरलेत, त्यांना हात लावायचा नाही, उरलेल्या एखाद्या तासात जमेल तेवढं उरका. तेवढ्यात काय उरकणार, कपाळ? मग तिने तासांची भीक मागायला सुरुवात केली. भीकच म्हणते मी. माझे गणिताचे तास मी दिले, शिट्टीसरांनी खेळाचे दिले. चित्रकलेच्या बाईंनी "माझं प्रदर्शन आहे" म्हणून नाक मुरडलं. भिंगबाई त्या तासांमध्ये घामाघूम होऊन शिकवायची. सेल, तारा, टिचभर दिवे. सातवीच्या पोरांच्या विजेच्या वह्या उसन्या आणून वाटल्या. पण वीज नुसती वाचून कळते होय? काठावर बसून पोहण्याचं पुस्तक वाचल्यासारखं ते. पोरं पाठ करत होती आणि दुसऱ्या दिवशी विसरत होती.

अर्धा घटक झाला आणि सरांना तासांची अदलाबदल कळली. "वेळापत्रक म्हणजे धर्मशाळा नव्हे," म्हणाले, आणि तास बंद केले. सुट्टीच्या दिवशी शिकवते म्हणाली, तर शाळा उघडायची नाही. घरी बोलावते म्हणाली, तर शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना घरी शिकवायचं नाही हा नियम, नोकरीवर गदा. तिने तरी दोनदा अर्ज केला. दोन्ही नामंजूर.

आणि घरात? घरात तर भाची होती! तिथे कुठला नियम आणि कुठले मोठे सर? मी संध्याकाळी वर गेले तर पोरगी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन उभी. "मावशी, एका जोडणीत एक दिवा गेला की सगळे जातात, दुसऱ्या जोडणीत बाकीचे चालूच राहतात. असं का?" कांदा चिरता चिरता ही म्हणाली, "उद्या वर्गात विचार."

"वर्गात आता विजेला तास नाहीत ना!"

ही कांदा चिरत राहिली. पोरगी पुस्तक मिटून बाहेर गेली. माझा संताप झाला. "वेड लागलंय का तुला? सांग की तिला! पाच मिनिटांचं काम."

"आणि बाकीच्यांना कोण सांगेल?" ती सुरी खाली ठेवून म्हणाली. "चूक मी केली. बुडतोय तो सगळा वर्ग. त्यातून माझ्या घरातली तेवढी पोरगी मी वर काढायची? मग उद्या त्या वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"आग लागो तुझ्या त्या न्यायाला! पोटची असती तर असंच बोलली असतीस?"

हे मी बोलायला नको होतं. ती रडायला लागली. चष्मा काढून ओट्याशी उभी राहून रडत होती, आणि रडता रडता म्हणत होती, "पोटची असती तर लोकांनी काही म्हटलं असतं तरी मी सांगितलं असतं गं. हिच्यासाठी मला फसवाफसवी करायची नाही. बहिणीला काय सांगू?" हे काय तर्कशास्त्र ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. मीच शिकवलं असतं त्या पोरीला, पण घरातला दिवा बदलायचा तरी मला खुर्ची धरायला माणूस लागतं. मला काय ठाऊक कुठली जोडणी कशी!

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पोरीने परत विचारलं. या वेळी पुस्तकही हातात नव्हतं. "मावशी, फक्त ते दिव्यांचं सांग." भिंगबाई उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्हाला येतं?" मी मान हलवली. नाही.

निकाल शाळेच्या फाटकावर लागला. आमच्या आठवीतून दोघंच गेले, एक जण डॉक्टरांचा मुलगा, घरी शिकवणी असलेला. पोरगी थोडक्यात हुकली. विजेचे प्रश्न सोडून तिचा सगळा पेपर बरोबर होता, हे मागाहून कळलं. भिंगबाई फाटकापाशी त्या वर्गातल्या एकेका पोराजवळ गेली आणि माझी चूक म्हणून हात धरून सांगत राहिली. पोरं अवघडून पायाकडे बघत होती. एका आईने तर तिलाच पाणी आणून दिलं.

घरी आलो. पोरगी दप्तरातल्या वह्या काढून फडताळावर रचत होती. भिंगबाई दारातच बसली, जमिनीवर. "बाळा, चूक माझी. पण सगळ्यांना सोडून तुला एकटीला सांगणं... तूच सांग, मी कशी..."

पोरीने शेवटची वही ठेवली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट.

"बाकीच्यांच्या घरी विचारायला कोणी नव्हतं, मावशी. माझ्या घरी होतं. मी दोनदा विचारलं."

आणि ती हात धुवायला गेली. भिंगबाई माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला माझं बोलणं कधी हवं नव्हतं, ते त्या दिवशी हवं होतं. तोंडाला येईल ते बोलणारी बाई मी, पण मी फडताळावरच्या वह्याच परत नीट रचत बसले.